मदत हवी आहे: काळ्या मातीत फुटिंग (खांबाखालचा पाया) किती खोल न्यावं?
बार्शीजवळ 25 बाय 40 फुटांचं आरसीसी घर बांधतोय, तळमजला अधिक एक. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले: एकीकडे 6 फुटांवर मुरूम, दुसरीकडे थेट 9 फुटांवर. पाणी लागलं नाही. माती परीक्षण अजून नाही.

गवंडी म्हणतो, सगळीकडे 5 फूट पुरे, खाली सोलिंग (दगडांचा थर) करू. इंजिनिअर म्हणतात, मुरमापर्यंत जायलाच हवं. मला इंजिनिअरचंच पटतं (शेजारच्या घराच्या तिरक्या चिरा रोज बघतोय), पण बजेट ताणलंय आणि पावसाआधी जोतं वर काढायचंय. अंडर-रीम पाइल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) करणारं इथे कोणी नाही.

फुटिंग 6 आणि 9 फूट अशी वेगवेगळ्या खोलीवर ठेवून प्लिंथ बीमने (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या काँक्रीट तुळईने) जोडली तर चालतं का? आणि बीमखाली वाळू भरावी की मोकळी जागा सोडावी?