दादाला स्टेंट बसवला, क्रिटिकल इलनेसचा क्लेम नाकारला. काय करावं?

गूळवाला_धाकटा
नमस्कार. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दादा ४८ वर्षांचा. गेल्या महिन्यात सौदे चालू असतानाच त्याच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं आणि दुपारी अँजिओप्लास्टी केली. बिल मेडिक्लेममधून भागलं. पण १० लाखांच्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीचा (ठरावीक गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारी) क्लेम नाकारलाय. पत्रात एकच ओळ आहे, "अँजिओप्लास्टी समाविष्ट नाही." पॉलिसी देताना एजंट म्हणाला होता, "हार्टचं सगळं यात येतंय बघा." दादा अजून घरीच आहे, वहिनी रोज विचारतात. त्यांना काय सांगू?

जुना_क्लेमवाला, इचलकरंजी
मी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर होतो, म्हणून कळकळीने लिहितोय. तुम्ही क्लेम कशाचा टाकलात? स्टेंटचा टाकला असेल तर नकार येणारच. बायपासच्या व्याख्येत अँजिओप्लास्टी स्पष्ट वगळलेली असते. काही पॉलिसींत ती वेगळी दिलेली असते, पण सगळ्यांत नाही.

पण दादाला झटका आला होता ना? 'ठरावीक तीव्रतेचा पहिला हृदयविकाराचा झटका' हे कलम काढून वाचा. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: छातीत दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीत नव्याने झालेले बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) किंवा इजा दाखवणारा तसा दुसरा घटक. नुसता अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, चालत नाही. आणि ट्रोपोनिनचं रक्त स्टेंट घालण्याआधी घेतलेलं हवं, कारण प्रोसिजरनंतर वाढलेलं धरत नाहीत. दादाला आधीपासून बीपी किंवा शुगर होती का? फॉर्मात लिहिली होती का?

राजारामपुरीकर_ताई
माझ्या आईच्या हृदयाची झडप पायातून कॅथेटर घालून बसवली, छाती उघडली नाही. पॉलिसीत ओपन हार्ट सर्जरीच लिहिलेली, त्यामुळे काहीच मिळालं नाही. तुमचं तसं नाही, सोडू नका.

गूळवाला_धाकटा
बीपीची गोळी आहे, फॉर्मात लिहिलीय. आत्ताच फाईल काढून बघितली. ट्रोपोनिनचं रक्त सकाळी ११.१० ला घेतलंय, वाढलेलं आहे. प्रोसिजर २ नंतर. पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम' लिहिलंय.

जुना_क्लेमवाला, इचलकरंजी
तिथंच अडलंय. ते नाव मोघम आहे, त्यात अंजायनाही येतो. हृदयरोगतज्ज्ञांना भेटून, झटका होता असं त्यांचं निदान असेल तर तसं स्पष्ट लेखी घ्या. दाखल झाल्यापासूनचे सगळे ईसीजी आणि इनडोअर पेपर (दवाखान्यातल्या उपचारांच्या नोंदी) मागा. ते जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फेरविचाराचा अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही. मात्र नकारानंतर १ वर्षाच्या आत.

गूळवाला_धाकटा
उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जातो. वहिनींना आत्ता फोन करून सांगतो.