अटक झालेल्याचं नाव शोधायची सोय हवी की नको? (कालच्या पोस्टला उत्तर)

रात्रपाळी
काल निळी_छत्री यांनी लिहिलं, "मुंबईत अटक झालेल्यांची यादी नेटवर टाकणं बंद करा. ज्याला गरज आहे त्याला पोलीस कळवतातच." त्यापुढचं मला वाचवलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

कळवतातच? २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला रात्री साडेअकराला साध्या वेशातल्या चौघांनी नाक्यावरून गाडीत घातलं. पानवाला घरी सांगायला आला म्हणून कळलं. आई आणि मी पहाटेपर्यंत चार पोलीस ठाणी फिरलो. प्रत्येक ठिकाणी ठाणे अंमलदार रजिस्टरवर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे नाही, पुढे बघा." आईची चप्पल पाण्यात तुटली, ती हातात धरून ती चौथ्या ठाण्याच्या पायऱ्या चढली. सकाळी नऊला कळलं, भाऊ पहिल्याच ठाण्यात होता. आम्ही विचारत होतो तेव्हा तो आतल्या खोलीत होता, फक्त नोंद झाली नव्हती.

डी. के. बसू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा आहे. अटकेनंतर बारा तासांत नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि तिथल्या फळ्यावर लावायचं. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-सी आलं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ आहे. माहिती डिजिटल लावता येईल हेही त्यात आहे. कायदा देतो तेवढंच मागतोय. नव्वदहून जास्त पोलीस ठाणी असलेल्या शहरात माणूस कुठे ठेवलाय हे घरच्यांनी पायपीट करून शोधायचं का?

निळी_छत्री
तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्याच गोष्टीत माझा मुद्दा आहे. जी नोंद रजिस्टरमध्येच नव्हती ती वेबसाइटवर कुठून येणार होती? तुमच्याशी खोटं बोललं गेलं. त्यावर उपाय म्हणून बाकीच्या हजारो माणसांची नावं चव्हाट्यावर का?

आता माझं ऐका. माझ्या धाकट्या दिरांना २०१४ मध्ये कंपनीतल्या पैशाच्या तक्रारीवरून अटक झाली. पूर्ण नाव, वय, राहण्याचा भाग, सगळं दुसऱ्या दिवशी एका बातम्यांच्या साइटवर. २०२१ मध्ये निर्दोष सुटले. त्याची बातमी कोणी दिली नाही. दोन ठिकाणी लग्न ठरत आलं होतं. दुसऱ्या वेळी बोलणी चालू असताना मुलीच्या मामांनी फोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर तीच बातमी. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दीर आज बेचाळीसचे आहेत. आता ते कुणाकडे जात नाहीत.

काळा_कोट
वीस वर्षं वकील म्हणून रिमांड कोर्टात (अटकेतल्या माणसाला कोठडीसाठी हजर करतात तिथे) उभा राहतोय, म्हणून बोलतो. तुम्ही दोघांनी तीन वेगळ्या नोंदी एकात एक मिसळल्या आहेत.

एफआयआर ही पहिली. ती चोवीस तासांत नेटवर टाका असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), दहशतवाद असले गुन्हे वगळून. पण एफआयआरमध्ये नाव आहे म्हणजे अटक झाली असं नाही, आणि अटक झालेल्याचं नाव एफआयआरमध्ये असेलच असंही नाही. निम्म्या चोऱ्या 'अज्ञात इसम' नावावर असतात.

अटक ही दुसरी. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक अधिकारी अटकेतल्यांची माहिती ठेवायला नेमलेला असला पाहिजे. त्याचं पद विचारा, "साहेब कुठे आहेत" विचारत बसू नका. शिवाय कलम ४८ खाली अटकेची खबर नातेवाइकाला देणं बंधनकारक आहे.

तिसरी तुरुंगाची. न्यायालयीन कोठडी झाली की पुरुष आर्थर रोड, ठाणे किंवा तळोज्याला, बायका भायखळ्याला. आर्थर रोडची क्षमता हजाराच्या आतली आणि माणसं त्याच्या तिपटीच्या आसपास, त्यामुळे कोण कुठे गेला हे दारावर उभं राहून कळत नाही. कोर्टातून कळतं.

म्हणून घरच्यांनी गु.र.क्र. (गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजे एफआयआरचा नंबर) मिळवायचा, कलम लिहून घ्यायचं आणि त्या ठाण्याचं रिमांड कोणत्या कोर्टात होतं ते विचारून सकाळी साडेदहाला तिथे जाऊन बसायचं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत आणावंच लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा तिथे मिळतो, फुकट. पुढे ई-कोर्टवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटवर, एफआयआर क्रमांकाने केस शोधता येते. नावाने शोधायच्या भानगडीत पडू नका.

अनुस्वार
नावाने का शोधायचं नाही, हे मी सांगतो! ई-कोर्टवर इंग्रजी अक्षरात नाव टाकायचं. माझं आडनाव सावंत. एका केसमध्ये व्ही घालून, दुसऱ्यात डब्ल्यू घालून, तिसऱ्यात शेवटी एच. एकाच माणसाच्या तीन केसेस, तीन स्पेलिंगं. एफआयआर मराठीत लिहितात, पुढे कुणीतरी इंग्रजीत टंकतं आणि तिथे सगळा घोळ होतो. मूळ नोंद देवनागरीत असताना शोध देवनागरीत का नाही?

सातासमुद्रापार
अनुस्वार, क्षीरसागर शोधून बघा. के-एस-एच की एक्स, ई दोन की आय एक. माझ्या आतेभावाची तारीख मी दोन महिने शोधत होतो.

अनुस्वार
आणि वडिलांचं नाव कधी मधे, कधी गायब, कधी आडनाव सर्वांत आधी. इतकी वर्षं या राज्याचा कारभार मराठीत चालतो म्हणतात, आणि माझ्या भाषेतलं माझं नाव मला माझ्याच कोर्टात सापडत नाही!

काळा_कोट
उलट बाजूही बघा. संतोष नावाचे शिंदे या शहरात किती असतील? नावाने शोधलं की भलत्याच माणसाची केस समोर येते. माझ्या एका अशिलाची नोकरी नावाच्या साधर्म्यामुळे गेली आहे. जन्मतारीख जुळवून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

अनुस्वार
म्हणजे देवनागरी नको?

काळा_कोट
असं मी म्हणालो का? देवनागरी हवीच. सोबत वडिलांचं नाव आणि वय हवं.

तिसरा_मजला
स्पेलिंगवरून मूळ प्रश्न बाजूला राहिला. मी घरमालक आहे. मला सगळं खुलं हवं, कायमचं. मागच्या भाडेकरूने सात महिन्यांचं भाडं बुडवलं, वर माझ्यावरच तक्रार केली. नंतर कळलं, आधीच्या जागेतही हेच केलं होतं. आधी शोधता आलं असतं तर?

निळी_छत्री
भाडं बुडवणं हा अटकेचा गुन्हा तरी आहे का? अटकेच्या यादीत तुम्हाला काय सापडणार होतं? तुमच्यासारखे लोक नाव टाकतात, निकाल न वाचता दार बंद करतात. माझ्या दिरांना तीन घरमालकांनी नकार दिलाय. तिसरा मजला म्हणे. तुमच्याच मजल्यावर आले असतील एखादवेळी!

तिसरा_मजला
ताई, माझ्या दारात तुमचे दीर आले नव्हते. माझं घर हे माझं निवृत्तिवेतन आहे, आणि मी काळजी घेतली की मी गुन्हेगार?

रात्रपाळी
तिसरा_मजला, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची सोय आधीच आहे. माझ्या भावाची अटक तुमच्या भाडेकरारासाठी नाही. तुम्ही माझ्या बाजूने बोलताय आणि माझीच बाजू घालवताय.

तिसरा_मजला
बरं. भाड्याचा मुद्दा मागे घेतो. निकालाशिवाय नुसती अटक दाखवणं अर्धवट आहे, हेही मान्य. पण दोष सिद्ध झालेल्याचं नाव मला दिसलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

सातासमुद्रापार
इथलं, अमेरिकेतलं सांगतो, म्हणजे दोघांनाही उपयोग होईल. लॉस एंजेलिस काउंटीत शेरीफच्या साइटवर नाव टाकलं की माणूस कुठल्या तुरुंगात आहे, जामीन किती, पुढची तारीख कधी, हे घरबसल्या दिसतं. रात्रपाळी यांच्या आईला त्या रात्री नेमकं हेच हवं होतं.

पण याच देशात अटकेचे फोटो उचलून साइटी काढल्या गेल्या आणि फोटो काढून टाकायचे पैसे मागितले गेले. कॅलिफोर्नियाला २०१४ मध्ये असे पैसे घेण्याविरुद्ध कायदा करावा लागला. सॅन फ्रान्सिस्को पोलिसांनी २०२० मध्ये ठरवलं की लोकांना तातडीचा धोका नसेल तर फोटो द्यायचेच नाहीत. एकदा बाहेर गेलेली माहिती परत घेता येत नाही, हे इथे लोकांनी सोसून शिकलंय.

निळी_छत्री
हेच म्हणतेय मी कालपासून. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस तुरुंगांतले शंभरातले पंचाहत्तरहून जास्त कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले होते. सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचा, एनसीआरबीचाच आकडा. म्हणजे यादीतली बहुतेक नावं दोष सिद्ध न झालेल्यांची.

रात्रपाळी
आणि त्या प्रत्येक कच्च्या कैद्याला घरचं कुणीतरी असतं, निळी_छत्री. त्यांना तो कुठे आहे हे कळू नये असं तुमचं म्हणणं आहे का? सरळ उत्तर द्या.

निळी_छत्री
नाही, असं माझं म्हणणं नाही. "पोलीस कळवतातच" हे वाक्य चुकलं माझं. आमच्या वेळी कळवलं होतं, म्हणून तसं लिहिलं.

नाव आणि जन्मतारीख दोन्ही टाकल्यावरच दिसावं, गूगलला दिसू नये, आणि माणूस सुटला की नोंद पडद्यावरून जावी. एवढं होत असेल तर माझी हरकत नाही. पण "होत असेल तर". आजवर काही पुसलं गेलेलं मी पाहिलेलं नाही.

रात्रपाळी
जन्मतारखेचं मान्य. सुटल्यावर लगेच पुसायला माझा विरोध आहे. भावाला किती वाजता धरलं आणि नोंद किती वाजता झाली, हे पुढे कोर्टात दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

काळा_कोट
पुरावा स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत राहतो, तिची प्रत कोर्टामार्फत मागवता येते. त्यासाठी नाव जगाला दिसायची गरज नाही. इथे निळी_छत्री यांचं बरोबर आहे.

रात्रपाळी
ठीक आहे. डायरीत वेळ खरी लिहिली असेल तर.

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी)
संध्याकाळी एका पोलीस ठाण्यात जाऊन फळा बघून आलो. पांढऱ्या रंगाने आखलेले रकाने, वर 'अटक आरोपी', खाली खडूने दोन नावं. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. पत्त्याच्या रकान्यावरून कुणाचा तरी हात फिरलेला, 'चाळ' एवढंच वाचता येत होतं. अंमलदारांना विचारलं, आज कुणी अटकेत आहे का? म्हणाले, "तिघं आहेत." त्यांची नावं? "लिहायचीत." तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, कलम ३७ घालून. शिक्का मारलेली पोच घेतली.

निळी_छत्री
तिघांची नावं आजच लागली पाहिजेत, मान्य. आणि ती दोघं सुटली असतील तर त्यांची पुसली गेली पाहिजेत. अर्जात तेही लिहिलंत का?

रात्रपाळी
नाही लिहिलं. उद्या दुसरा अर्ज देतो.