मदत हवी आहे: शाळेच्या व्हॅनमध्ये मोठे पोट्टे मुलाला त्रास देतात

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगा सहावीत, सीबीएसई शाळेत. बोलताना थोडा अडखळतो. व्हॅनमधले आठवी-नववीचे पोट्टे त्याची नक्कल करतात, डबा हिसकून खातात. आता तर त्याच्या अडखळण्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलाय. व्हॅनवाले काका म्हणतात, "मस्करी आहे हो मॅडम." मस्करीत दोघंही हसतात ना? इथे रोज एकच जण रडतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी ठणठणीत.

सासरे म्हणतात, "एक ठेवून दे कानाखाली." तिघांपुढे हा एकटा, आणि मार खाऊन आला तर? मला नाही पटत.

वर्गशिक्षिकांचं म्हणणं, व्हॅन खाजगी आहे, शाळेचा संबंध नाही. पण सीबीएसईने २०१५ मध्येच शाळांना अशा त्रासाविरुद्ध समिती नेमायला सांगितलं आहे, आणि पोरं तर याच शाळेची.

व्हॅनमधल्या प्रकाराची लेखी तक्रार कोणी केली आहे का? मुख्याध्यापकांच्या नावे की समितीच्या? त्या मुलांच्या आईवडिलांशी आधी बोलावं का? नाव सांगितलं म्हणून त्याच्यावर राग काढतील, ही त्याची मोठी भीती आहे. व्हिडिओ मी जपून ठेवलाय. १०९८ या चाइल्डलाइनवर कोणी अशा कारणासाठी फोन केला असेल तर पुढे काय झालं तेही सांगा.

आणि दक्षिण नागपुरात मुलांशी मराठीत, धीराने बोलणारे समुपदेशक किंवा स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया इनबॉक्स करा.