मदत हवी आहे : 'काहीतरी चांगलं द्या' म्हणणाऱ्या वाचकाला काय द्यावं?

देवघेव_खिडकी
तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत 'क' वर्गातलं वाचनालय. पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, कपाटं बंद, वाचक खिडकीवर येऊन मागतात. नियमित नेणारे सत्तर-ऐंशी, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. निम्म्यांची मागणी एकच, 'काहीतरी चांगलं द्या.' दाराशी 'अवश्य वाचावीत अशी ५० पुस्तकं' ही यादी लावलेली आहे, पण वरची चार-पाच नावं सोडली तर पुढचं कुणी मागत नाही. यादी कशी करावी? आणि मागे रांग असताना अर्ध्या मिनिटात विचारावं तरी काय?

तारीखपट्टी
यादी उतरवा. एकेकच प्रत असणार, म्हणजे पहिल्या आठवड्यात वरची पाच गेली की ती यादी खोटी पडली. 'बाहेर गेलंय' हे दोनदा ऐकलेला वाचक तिसऱ्यांदा यादीकडे बघत नाही.

खिडकीवर 'कोणता विषय आवडतो?' हेही नको. उत्तर 'ऐतिहासिक' नाहीतर 'सामाजिक' येतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. असं विचारा : 'काकू, अलीकडे शेवटपर्यंत वाचलंत असं कुठलं?' आणि लगेच, 'त्यातलं काय लक्षात राहिलं?'

कान या दुसऱ्या उत्तराकडे हवा. 'खाली ठेववेना' म्हणाल्या तर त्यांना गोष्ट लागते. 'ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही' म्हणाल्या तर माणूस. कुणाला तो मुलूख आवडलेला असतो, कुणाला नुसती भाषा. सिअॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल पुस्तकात शिरायची हीच चार दारं सांगतात. आपल्याकडे मला पाचवं लागतं : खरं घडलेलं. 'हे खरंच झालंय ना?' असं विचारणाऱ्याला कादंबरी कितीही उत्तम द्या, ती परत येते. त्याला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' द्या.

कपाट_सात
वरचं सगळं पटतं, पण ते अडतं कपाटापाशी. ड्युईप्रमाणे, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीप्रमाणे, मराठी कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ ला, त्यात लेखकाच्या आडनावाने. प्रवासवर्णनं ९१० च्या पुढे, प्राणी ५९० ला. 'रारंगढांग'मधला हिमालयातला रस्ता ज्याला आवडला त्याला शेजारचं पुस्तक काढून दिलंत, तर त्याला मिळतं ते फक्त पुढचं आडनाव. त्याचं पुस्तक दोन कपाटं पलीकडे आहे : कृष्णमेघ कुंटे यांचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा', मुदुमलाईच्या जंगलातलं. किंवा गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाची ही हकिकत, पहिल्यांदा छापली १९०७ साली. देताना एवढंच सांगा की भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं सावकाश घ्या. न सांगता दिलंत तर दहाव्या पानावर मिटेल.

अशा जोड्या एका वहीत लिहून ठेवा. डावीकडे गावात हमखास वाचलं गेलेलं पुस्तक, उजवीकडे तीन नावं, कारण तिन्हीतलं एक तरी जागेवर सापडायला हवं. 'मृत्युंजय'समोर 'युगान्त' लिहाल, पण जपून. 'युगान्त' ही कादंबरी नव्हे, इरावती कर्व्यांचे लेख आहेत, आणि कर्णावर भक्ती असलेल्याला त्या लेखांतला कर्ण सोसेलच असं नाही. त्याला थेट 'कर्ण' हे प्रकरण उघडून दाखवा. खिडकीवरच दोन पानं चाळून तो काय ते ठरवतो.

देवघेव_खिडकी
वही आजच सुरू करतो. पण पुस्तक दोन दिवसांत परत आलं तर ते वाचलं की टाकलं, हे कसं ओळखायचं? 'आवडलं का?' विचारलं की सगळेच 'छान होतं' म्हणतात.

तारीखपट्टी
'कुठपर्यंत आलात?' असं विचारा. त्यात अर्धवट सोडायची मुभा आधीच दिलेली असते, म्हणून माणूस खरं बोलतो. पर्ल यांचाच आणखी एक नियम आहे : पन्नास पानं वाचा, नाही रुचलं तर सोडा, आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच वाचा. सत्तरीच्या आजोबांना तीस पानं पुरे. ही चिठ्ठी खिडकीवर लावा, लोक हसतातही आणि पाळतातही.

मात्र कुणी काय नेलं, काय सोडलं हे दुसऱ्या सभासदासमोर मोठ्याने बोलू नका. लहान गावात एवढ्यानेही माणूस यायचा थांबतो.

जाड_भिंग
पुस्तक टाकलं जाण्याचं निम्मं कारण मजकुरात नसतंच. जुन्या आवृत्तीचा बारीक टाइप, पिवळा कागद, शिवणीत गेलेल्या ओळी. पन्नाशीपुढच्याला द्यायच्या आधी मधलं पान उघडून हातभर अंतरावर धरा. तुम्हालाच डोळे बारीक करावे लागले तर दुसरी प्रत बघा. पडून वाचणाऱ्याला हजार पानी बांधीव ठोकळा नको. अशांना 'बनगरवाडी' : अंगाने लहान, एका दमात होणारी. आणि दोन खंडांचं पुस्तक असेल तर दोन्ही दाखल क्रमांक (नोंदवहीतले) एकत्र तपासा. पहिला खंड हरवलेला आणि दुसरा कपाटात नवाकोरा, हे दर वाचनालयात निघतं.

यादीऐवजी खिडकीशेजारी टेबल मांडा, बाराच पुस्तकं, मुखपृष्ठ समोर. प्रत्येकात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, तिच्यावर दोन ओळी : कुणाला आवडेल आणि कुणाला नाही. दुसरी ओळ गाळू नका, पहिलीवर विश्वास तिच्यामुळेच बसतो. 'नितांतसुंदर', 'अप्रतिम' हे शब्द चिठ्ठीवर बंद. पुस्तक गेलं की त्या जागी त्याच दिवशी दुसरं. दोन रिकाम्या जागा दिसल्या की टेबलाकडे कुणी वळत नाही. तीन आठवडे न हललेलं पुस्तक कपाटात परत.

कपाट_सात
आणि हे टेबल दिवाळीनंतर लगेच मांडू नका. अंकांची वर्गणी भरलेले वाचक महिना-दीड महिना पुस्तकाला हात लावत नाहीत. अंक परत घेताना मात्र 'यातलं कुणाचं आवडलं?' विचारून नाव वहीत टिपा. त्या लेखकाचं पुस्तक तुमच्याकडे असेल तर पुढच्या खेपेला ते खिडकीवर काढून ठेवलेलं असू द्या.