लंडनच्या ब्रिक लेनमधील वस्ती का बदलत गेली?

प्रश्न : पूर्व लंडनमधील ब्रिक लेन परिसरात एकामागून एक स्थलांतरित समाज वसले आणि पुढे पांगले. सर्वांनी हाच भाग का निवडला असावा?

प्रतिसाद १ : बंदर जवळ, भाडे कमी आणि कापडाचे काम दाराशी, ही मुख्य कारणे. फ्रान्समधून धार्मिक छळामुळे आलेल्या ह्यूगेनॉट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोकांनी येथे रेशीम विणले. त्यांनी १७४३ मध्ये बांधलेले प्रार्थनागृह पुढे १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ मध्ये मुख्यतः सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशींची मशीद झाली. वास्तू तीच राहिली, उपासक बदलले, हे मला फार हृद्य वाटते.

प्रतिसाद २ : पांगण्याची बाजूही पाहावी. हाती पैसा आल्यावर अनेक ज्यू कुटुंबे गोल्डर्स ग्रीनसारख्या उपनगरांत गेली, पण तेथेही शेजार आपल्याच माणसांचा शोधला.

प्रतिसाद ३ : एकत्र राहणे ही नेहमी केवळ आवड नसते. १९७८ मध्ये आल्ताब अली या कापड कारखान्यातील तरुण कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला, तेव्हा बांगलादेशी कुटुंबांना आपल्या वस्तीतच सुरक्षित वाटणे स्वाभाविक होते.