बालेकिल्ला झाला, आता कोर्टाचं काय?

उत्तमनगरची
२०२५ च्या ऑक्टोबरात ते व्हिडिओ आले होते बघा, पोलिसांनी धरलेले भाई, दादा, कोणाचे कोण कार्यकर्ते हात जोडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसता टाळ्यांचा पाऊस. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, सिडकोत राहते, मुलगी रात्री क्लासवरून येते, कोयतेवाल्यांची दहशत काय असते ते मला विचारा. पण व्हिडिओच्या पुढे काय? चार्जशीट गेली का, चार्ज फ्रेम म्हणजे आरोप निश्चित झाले का, साक्षीदार टिकले का, याचं रील कोणी काढत नाही. आणि ज्याच्यावर वार झाला तो तर कुठल्याच व्हिडिओत नाही.

ओळखीच्या एका बाईंबरोबर मी साक्षीच्या तारखांना कोर्टात जाते, त्यांच्या मुलाला मारलं होतं, जास्त सांगत नाही. साडेदहाला जाऊन बसायचं. कॉरिडॉरमध्ये बाक एकच, त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला आरोपीचे मित्र, मोबाईलवर गाणी लावून, अधूनमधून आमच्याकडे बघत. बाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून बसतात. पुकारा होतो, आत जातो, तर आज तपासी अंमलदार आले नाहीत, त्यांची बदली झालीये, पुढची तारीख घ्या. सरकारी वकील हातात दहा फायली घेऊन दुसऱ्या कोर्टात पळतात, बाईंचं नावसुद्धा त्यांना फाईल उघडून बघावं लागतं. यात त्यांचाही दोष नाही म्हणा.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारला हिशेब विचारायचा तर हा विचारा. शिक्षा कडक करा म्हणायला काय जातं, दोन ओळींची दुरुस्ती करायची आणि पेपरात फोटो छापून आणायचा. खटला उभा करणं, साक्षीदार आणणं, सांभाळणं, ज्याचं नुकसान झालं त्याला चार गोष्टी कळवणं, याला पैसा आणि माणसं लागतात आणि तिथे सगळे गप्प.

गोदाकाठ
ताई तुमचं दुःख मान्य, पण तुम्ही पोलिसांनाच आडव्या जाताय. नाशिकमध्ये वर्षभर काय चाललं होतं? खून, कोयते, गाड्यांची तोडफोड, वाढदिवसाला तलवारीने केक. तेव्हा सगळे म्हणत होते पोलीस झोपलेत. आता दणका दिला तर म्हणता पुढे काय. अहो पुढे हेच की पोरं सरळ झाली! आमच्या पंचवटीत फ्लेक्सवर झळकणारे स्वतःहून फ्लेक्स काढून गेले. कोर्टाच्या भरवशावर बसलो असतो तर आपला नातू निकाल ऐकायला गेला असता. गुन्हेगाराला भीती पाहिजे, बाकी सगळं वकिलांचं पोट भरायचं काम.

जेलरोड
भीती किती दिवस टिकते दादा? रील जुनं झालं की भीती पण जुनी. आणि ज्याला व्हिडिओत गुन्हेगार म्हणून दाखवलं तो अजून आरोपी आहे, दोषी नाही, एवढं तरी लक्षात घ्या. देशातल्या तुरुंगात चारातले तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे निकालच लागलेला नाही. मी नाशिकरोडच्या जेलच्या मागेच राहतो, भेटीच्या दिवशी बाहेर उभी असलेली बायका-पोरं नेहमी बघतो. त्यांच्यातही काही फिर्यादीइतकेच ताटकळलेले आहेत.

गोदाकाठ
आला मानवाधिकारवाला 🙏

अॅड. सांगत नाही
दोन्ही बाजूंनी केसेस चालवतो म्हणून नाव देत नाही. तहकुबी कशी होते ते ऐका, म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर जातील. आरोपीचा वकील हजेरी माफीचा अर्ज देतो, हे सगळ्यांना माहितीये, आम्ही बदनाम आहोतच. पण फिर्यादी पक्षाकडून काय होतं? समन्स बजावलंच गेलं नाही. पंचनाम्याचा पंच सापडत नाही. लॅबचा सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट आला नाही. मुद्देमाल गोदामातून आणला नाही. आरोपीला जेलमधून आणायला गार्ड मिळाले नाहीत, कारण कुठला तरी बंदोबस्त होता, आता तर २०२७ चा कुंभमेळा आहेच कारण द्यायला. यातली एकही गोष्ट जजच्या हातात नाही, सगळी गृहखात्याच्या हातात आहे.

नव्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, १ जुलै २०२४ पासून, कलम ३४६ मध्ये लिहिलंय की परिस्थिती हाताबाहेरची असेल तर एका पक्षाला जास्तीत जास्त दोनदा तहकुबी. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी घटनास्थळी गेलंच पाहिजे असं कलम १७६ म्हणतं, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीये. नाशिकला प्रादेशिक लॅब आहे, चांगली गोष्ट, पण एका लॅबवर नुसतं नाशिक नाही, आजूबाजूचे जिल्हेही टाकलेले असतात. कायदा मुंबई-दिल्लीत होतो, व्हिसेराची (मृताच्या अवयवांच्या नमुन्याची) बरणी इथे रांगेत उभी राहते.

मनमाड लोकल
मला एक कळत नाही, न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे ना? मग सरकारला कशाला मध्ये ओढता? उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी, ती काय मुख्यमंत्री देतात का. सरकारने जजला फोन करून लवकर निकाल द्या सांगितलं तर तुम्हीच बोंब माराल हस्तक्षेप झाला म्हणून. कोर्टाचं कोर्टाने बघावं.

अॅड. सांगत नाही
निकाल काय द्यायचा ते स्वतंत्र आहे हो. पण जजची पदं मंजूर कोण करतं, स्टेनो कोण देतं, सरकारी वकील कोण नेमतं? राज्य सरकार. लॉ कमिशनने १९८७ ला सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० जज पाहिजेत. आज साधारण २१ आहेत. जवळपास चाळीस वर्षं झाली, सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. सुट्ट्यांवर मी पण चिडतो, पण सुट्ट्या बंद करून ही तफावत भरत नाही.

निफाडचा द्राक्षवाला
एवढं कलम-बिलम काय सांगता राव, फाशी द्या आणि विषय संपवा. कोपर्डीच्या बलात्कार-खुनाच्या केसमध्ये कसं झालं? जुलै २०१६ ला घटना, नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशी सुनावली नगरच्या कोर्टाने. लाखोंचे मोर्चे निघाले म्हणून झालं. लोकांनी रस्त्यावर यायचं, सरकार हलतं. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या केसमध्ये तर आरोपी पोलिसांच्या गोळीनेच मेला, कोर्टाची गरजच पडली नाही.

उत्तमनगरची
कोपर्डीचं बरं आठवलं तुम्हाला. त्याच नगरच्या कोर्टात, त्याच नोव्हेंबर २०१७ मध्ये, थोड्याच दिवसांच्या फरकाने खर्ड्याच्या केसचा पण निकाल लागला होता. २०१४ ला दलित मुलाला मारून झाडाला टांगलं होतं, सतराच वर्षांचा होता बिचारा. सगळे आरोपी सुटले. का? साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. एकच जिल्हा, एकच कोर्ट, एकच महिना. एका केसमागे मोर्चे होते, नामांकित विशेष सरकारी वकील होते, दुसऱ्या घरामागे कोणी नव्हतं. म्हणजे तुमच्या हिशेबाने ज्याच्या मागे लाखभर माणसं उभी राहतील त्यालाच न्याय, एकट्यादुकट्या बाईने घरी बसायचं. मला हेच तर खुपतंय.

साक्षीदार संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ लाच केला. आता नव्या कायद्यातही ३९८ कलमात राज्यांनी योजना करायची आहे. आमच्या बाईंच्या शेजारी आरोपीचे मित्र बसतात तेव्हा तो कायदा कुठल्या मजल्यावर असतो?

आणि बदलापूरचं म्हणाल तर आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. साक्ष नाही, उलटतपास नाही, निकाल नाही. हायकोर्टाने त्या चकमकीवर किती प्रश्न विचारले ते पण वाचा. त्या लहान मुलींना यातून काय मिळालं?

निफाडचा द्राक्षवाला
तो परत कोणाला हात लावणार नाही हे मिळालं. तुम्हाला पटो न पटो, गावात कोणालाही विचारा.

सोनई फाटा
खर्ड्याचं निघालं म्हणून. सोनईच्या तिहेरी हत्याकांडाचा खटला नगरहून आपल्या नाशिकला वर्ग केला होता आठवतंय का? जानेवारी २०१३ ला तीन पोरं मारली, जानेवारी २०१८ ला नाशिकच्या सेशन कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली. खटला गावापासून लांब नेला, चांगला सरकारी वकील दिला, की केस उभी राहते. म्हणजे करता येतं. फक्त प्रत्येक वेळी कोणीतरी बोंबलावं लागतं.

गोदाकाठ
पाच वर्षं लागली ना तरी? हेच तर म्हणतोय मी.

मालेगाव कॅम्प
पाच वर्षं? आमच्याकडे या. २९ सप्टेंबर २००८, भिकू चौक, रमजान होता, बॉम्बस्फोटात सहा माणसं गेली. ३१ जुलै २०२५ ला निकाल, सातही आरोपी निर्दोष. कोणाचे आरोपी, कुठल्या पक्षाचे, त्या वादात मला पडायचंच नाही, इथे लगेच दोन्हीकडचे धावून येतील. मी फक्त एवढं बघतो की आधी राज्याची एटीएस, मग केंद्राची एनआयए, दोघांच्या तपासाचा मेळ बसेना, तीसच्या वर साक्षीदार फितूर, आणि जज साहेबांनी सांगितलं संशय कितीही असला तरी पुरावा नाही. मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार भरपाई द्या असा आदेश झाला. सतरा वर्षांनी. ज्या पोराला तेव्हा छर्रे लागले त्याची आता पोरं शाळेत आहेत.

आणि त्याच महिन्यात, २१ जुलैला, २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांमधले बाराही जण हायकोर्टाने सोडले, ज्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. म्हणजे एकतर एकोणीस वर्षं चुकीची माणसं आत होती, नाहीतर खरी माणसं सुटली. दोन्हीपैकी काहीही धरा, तपास करणाऱ्या एका तरी साहेबाला कोणी विचारलं का की बाबा हे असं कसं झालं? हिशेब हिशेब म्हणता ना, तो इथे मागा.

मनमाड लोकल
हा मुद्दा मान्य. तपास सरकारचाच असतो, तिथे कोर्टामागे लपता येणार नाही.

निफाडचा द्राक्षवाला
म्हणूनच म्हणतो कायदा कडक पाहिजे. महिलांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या राज्याच्या शक्ती कायद्याचं काय झालं सांगा, फाशी होती त्यात.

अॅड. सांगत नाही
डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, राष्ट्रपतींची सही लागत होती, ती मिळाली नाही, विषय बासनात. पण समजा झाला असता तरी काय? मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये २०१४ ला तिघांना फाशी सुनावली, २०२१ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. निर्भया डिसेंबर २०१२ ची, फाशी झाली मार्च २०२० ला. फाशी सुनावली की हायकोर्टाने ती कायम करावी लागते, मग सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज, ते तसंच असायला पाहिजे कारण चूक झाली तर परत आणता येत नाही माणूस. पण त्या सगळ्या वर्षांत त्या घराला दर वेळी तोच पेपर, तोच फोटो. चोराला काय वाटतं माहितीये का, फाशी की जन्मठेप हे तो बघत नाही, सुटणार की नाही हे बघतो.

आडगाव नाका
मी वाचत होतो नुसता, लिहायचं नव्हतं. आमच्या घरात पॉक्सोची, म्हणजे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची केस आहे, कुठलं कोर्ट, कुठलं पोलीस स्टेशन ते सांगत नाही. शिक्षा किती होईल हे आमच्या घरात कोणीच बोलत नाही. बोलतो ते हे की उद्या शाळेत सोडायला कोण जाणार. कायद्यात आहे की मुलाला सारखं सारखं कोर्टात बोलवू नये, आरोपी समोर दिसू नये, सोबतीला आधार द्यायला सपोर्ट पर्सन द्यावा. आम्हाला सपोर्ट पर्सन हा शब्द शेजारच्या वकिलाच्या बायकोने सांगितला. तोपर्यंत जबाब झालेला होता. पीडितांसाठीच्या सरकारच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मिळतात असं सगळे सांगतात, फॉर्मबरोबर एफआयआर, आधार, मुलाच्या नावाचं बँक खातं लागतं. बँकेत गेलो तर खिडकीवरचा माणूस मोठ्याने विचारतो कसली योजना. मागे रांग. मी म्हटलं स्कॉलरशिप. मिळाले तरी मोठा हिस्सा एफडीत जातो, बरोबरच आहे ते, पण समुपदेशनाला रिक्षाने न्यायचे पैसे आजचे आज लागतात, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच.

गोदाकाठ दादा, भीती पाहिजे म्हणता ते पटतं. पण भीती आमच्याच घरात जास्त आहे सध्या.

गोदाकाठ
दादा तुमच्यासाठी वाईट वाटलं मनापासून. तरीपण माझं मत तेच राहील, आधी रस्ता शांत पाहिजे, मग बाकीचं. पोलिसांनी रस्ता शांत केला तर त्यांना नावं ठेवू नका. आणि तुम्हाला कुठे यायला-जायला माणूस लागला तर मेसेज करा, माझी रिक्षाच आहे, पैशाचं बोलू नका.

उत्तमनगरची
मी नावं ठेवलीच नाहीत. मी म्हणते व्हिडिओच्या खाली दर तीन महिन्यांनी एक कागद पण टाका. किती केसमध्ये चार्जशीट वेळेत गेली, किती ठिकाणी साक्षीदार फितूर झाले, किती लोकांना कळवलं. पालकमंत्र्यांकडे मागणार होते, पण आपल्या जिल्ह्याला पालकमंत्री कोण याच्यातच किती महिने गेले ते सगळ्यांना माहितीये 😀

आडगाव नाका
"किती लोकांना कळवलं" म्हणजे काय ताई? कळवायचं असतं का?

अॅड. सांगत नाही
असतं. बीएनएसएस कलम १९३, पोटकलम ३. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, मोबाईलवर मेसेज केला तरी चालतो. वाट बघू नका. एका साध्या कागदावर तपासी अंमलदाराच्या नावाने अर्ज करा, गुन्हा रजिस्टर नंबर टाका, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. सपोर्ट पर्सनसाठी बालकल्याण समितीकडे अर्ज द्या, खटला चालू असला तरी मिळतो. मनोधैर्यचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे, ऑफिस जिल्हा कोर्टातच, वकील फुकट मिळतो तिथे. चार्जशीट गेली असेल तर खटल्याचा सीएनआर नंबर मागून घ्या, सोळा आकडी-अक्षरी असतो, ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की तारखा घरबसल्या दिसतात.

आडगाव नाका
गुन्हा रजिस्टर नंबर एफआयआरवरच असतो ना? वर उजवीकडे?

अॅड. सांगत नाही
वरच्याच बाजूला, एफआयआर क्रमांक म्हणून, पुढे वर्ष. मुलाचं नाव अर्जात लिहू नका, नुसता नंबर पुरे.

मनमाड लोकल
हे वरती पिन करा कोणीतरी.