मदत हवी आहे : नेपाळच्या राजकारणात दिल्लीचा हात नेमका किती?

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या अभ्यासमंडळात भारत-नेपाळ संबंधांवर बोलायचं आहे आणि एका ठिकाणी गाडं अडलंय.

१९५० साली राजा त्रिभुवन काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रयाला गेले, तिथून दिल्लीला आले. राणा घराण्यातल्या वंशपरंपरागत पंतप्रधानांची शंभर वर्षांची सत्ता दिल्लीतल्या समझोत्यानेच मोडली. २००५ मध्ये माओवादी बंडखोर आणि राजाविरुद्ध एकवटलेल्या सात पक्षांचा १२ कलमी करारही दिल्लीतच झाला. तीन वर्षांत राजेशाही गेली. दोन्ही वेळा दिल्ली लोकांच्या बाजूने होती, म्हणून हस्तक्षेप खपून गेला असावा. (आपल्याकडे त्याला 'मदत' म्हणतात, हा भाग वेगळा.)

अडचण आहे ती नाकेबंदीची. १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन (भारतातून माल नेण्या-आणण्याचे) करार संपले, भारताने बहुतेक सीमानाकी बंद केली आणि पुढच्याच वर्षी जनआंदोलनाने राजाची पक्षविरहित पंचायत व्यवस्था कोसळली. उलट २०१५ च्या संविधानानंतर रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक अडले, तेव्हा तिथले तत्कालीन पंतप्रधान के. पी. शर्मा ओली अधिकच बळकट झाले आणि मार्च २०१६ मध्ये बीजिंगला जाऊन पारगमन करार करून आले. भारत म्हणत होता, आंदोलन मधेशींचं (संविधानावर नाराज असलेल्या, नेपाळच्या तराईतल्या लोकांचं), आमची नाकेबंदी नाही.

तर, १९९० च्या आंदोलनात टंचाईचा वाटा किती आणि नेपाळी काँग्रेसच्या संघटनेचा किती? मधेशी बाजूने लिहिलेलं मराठीत किंवा हिंदीत काही आहे का? २०१५ च्या हिवाळ्यात कुणी तिकडे राहिलं असेल, तर गॅस आणि पेट्रोलच्या रांगांत लोक नेमकं कुणाला दोष देत होते, तेही सांगा.